स्टेशन नंबर १४ म्हणून कोण बोलतंय? मरूची शायरच्या रेडिओ-स्काडाची पूर्ण केस

पाणीपुरवठा किंवा सांडपाण्याच्या स्काडात (म्हणजे लांबलांबची यंत्रं एका जागेवरून बघायच्या-चालवायच्या कॉम्प्युटर सिस्टीममध्ये) सिक्युरिटीचा विषय निघाला की मरूचीचं नाव कोणीतरी काढतंच. आणि बहुतेक वेळा ती गोष्ट दोन ओळीत उरकली जाते, नोकरी नाकारलेला माणूस चिडला, लॅपटॉपवरून सिस्टीम हॅक केली, घाण पाणी सोडलं, जेलमध्ये गेला, संपलं. ऐकणाऱ्याला वाटतं इंटरनेटवरून काहीतरी केलं असेल, पासवर्ड-बिसवर्ड फोडला असेल. तसं काहीही नाही. ही केस आहे रेडिओची. गाडीत ठेवलेला एक वायरलेस सेट, पंपिंग स्टेशनमध्ये बसवतात तसलंच एक कंट्रोल युनिट आणि कॉन्फिगरेशनचं सॉफ्टवेअर असलेला लॅपटॉप, एवढ्या सामानावर सगळं झालं. यात 'फोडलं' असं म्हणण्यासारखं काही नव्हतंच, कारण फोडायला कुलूपच नव्हतं. माझ्या मते ही केस त्या माणसाच्या रागापेक्षा त्या रेडिओ नेटवर्कच्या भोळेपणाची जास्त आहे, म्हणून इथे त्याच बाजूने लिहितोय.

आधी जागा आणि सिस्टीम

मरूची शायर म्हणजे ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड राज्यात ब्रिस्बेनच्या उत्तरेला साधारण १०० किलोमीटरवर, सनशाइन कोस्टचा भाग. २००८ मध्ये शेजारच्या कौन्सिलांबरोबर विलीन झालं, आता त्या नावाची कौन्सिल नाही, पण २००० साली होती आणि लोकसंख्या लाख-सव्वालाखाच्या घरात होती. समुद्रकिनारा, खाड्या, कालवे, सगळं सखल. अशा ठिकाणी मैला नुसता उताराने ट्रीटमेंट प्लांटपर्यंत पोचत नाही. थोडं अंतर उताराने जातो, मग एका विहिरीत जमा होतो, तिथून पंपाने उचलून पुढच्या लाइनीत टाकायचा, परत उतार, परत विहीर, परत पंप. अशी १४२ पंपिंग स्टेशनं तिथे होती. यातलं एखादं बंद पडलं की मागून येणारा मैला थांबत नाही, लोक फ्लश करायचं थांबवत नाहीत, विहीर भरत जाते आणि मग जिथे सगळ्यात खालचं तोंड असेल तिथून बाहेर. म्हणजे इथे पंप बंद असणं आणि अलार्म न वाजणं या दोन गोष्टी एकत्र आल्या की वाट लागली. नुसता पंप बंद पडला आणि अलार्म आला तर माणूस धावत जातो. पंप बंद आणि अलार्मही गप्प असेल तर पहिली बातमी नाकाने कळते.

एवढ्या पसरलेल्या १४२ ठिकाणी केबल टाकणं परवडणारं नसतं, म्हणून रेडिओ. हंटर वॉटरटेक नावाच्या कंपनीने कौन्सिलला ही सिस्टीम बसवून दिली. प्रत्येक पंपिंग स्टेशनमध्ये पीडीएस कॉम्पॅक्ट ५०० नावाचं एक छोटं कॉम्प्युटर युनिट, ज्याला आपण आरटीयू म्हणतो तसलं. ते मध्यवर्ती कॉम्प्युटरकडून हुकूम घ्यायचं, पंप चालू-बंद करायचं, अलार्म आणि बाकीचा डेटा परत पाठवायचं. स्टेशनं एकमेकांशी आणि सेंट्रल कॉम्प्युटरशी बोलायची ती खासगी टू-वे रेडिओवरून, मध्ये रिपीटर. दोन मॉनिटरिंग सेंटर आणि तीन फ्रिक्वेन्सी.

यातल्या 'खासगी' शब्दावर सगळे फसतात. फ्रिक्वेन्सीचं लायसन तुमचं आहे याचा अर्थ एवढाच की दुसऱ्याने तिथे बोलणं बेकायदा आहे, त्याला बोलता येत नाही असा नाही. आणि रिपीटर तर बिचारा काहीच बघत नाही, ठरलेल्या फ्रिक्वेन्सीवर जे ऐकू आलं ते जास्त ताकदीने सगळ्या भागात परत सोडायचं एवढंच त्याचं काम. तुमचं ऐकलं तर तुमचं सोडेल, चोराचं ऐकलं तर चोराचं, आणि तेही तितक्याच जोरात. त्यामुळे नेटवर्क जेवढं मोठं तेवढी चोराची सोय. त्याला प्रत्येक स्टेशनजवळ जायची गरजच नाही, एका रिपीटरला आपला आवाज पोचला की झालं.

नंबर सांगा, काम सांगा

अशा जुन्या टेलिमेट्रीत (लांबून डेटा आणि हुकूम पाठवायच्या व्यवस्थेत) एक मेसेज म्हणजे काय असतं, तर कोणाकडून (नंबर), कोणाला (नंबर), काय करायचं, आणि शेवटी एक चेकसम. बस. वर्गात सर मान वर न करता रोल नंबर पुकारतात आणि मागच्या बाकावरून कोणीही 'हजर' म्हणालं की टिक पडते, ही सगळी व्यवस्था त्याच तत्त्वावर चालते. नंबर बरोबर असला की माणूस बरोबर.

चेकसम आहे ना मग, असं बरेच जण म्हणतात. चेकसम किंवा सीआरसी हे खरखरीसाठी असतं, वाटेत एखादा बिट उलटला तर कळावं म्हणून. तो काढायचा फॉर्म्युला सगळ्यांना माहीत असतो, युनिट स्वतःच काढतं. खोटा मेसेज पाठवणाऱ्याचा चेकसमसुद्धा एकदम बरोबर येतो, कारण तो मेसेज बिघडलेला नसतोच, फक्त खोटा असतो. या दोन गोष्टीत फरक करायची त्या सिस्टीमकडे सोयच नव्हती.

आणि हे फक्त त्या एका कंपनीचं पाप नाही हं. त्या काळात जगभर असंच डिझाइन व्हायचं. अशा यंत्रांनी एकमेकांशी बोलायच्या ठरलेल्या भाषा, म्हणजे प्रोटोकॉल घ्या, मॉडबस १९७९ चं, डीएनपी३ नव्वदीच्या सुरुवातीचं, दोन्हींच्या मूळ रूपात समोरचा खरा आहे का हे तपासायची भानगडच नाही. खराब लाइनीवरून, कमी वीज खाऊन, कमी स्पीडला डेटा नीट पोचावा हीच तेव्हाची लढाई होती. मुद्दाम खोटं बोलणारा कोणी असेल हा विचार डिझाइन करणाऱ्यांच्या टेबलावर नव्हता. असणार कसा, तसलं युनिट आणि तसलं सॉफ्टवेअर कोणाकडे असणार आहे?

तर ते असतं कोणाकडे, बसवणाऱ्याकडे.

फेब्रुवारी २००० पासून

व्हिटेक बोडेन हा हंटर वॉटरटेकचा या प्रोजेक्टवरचा साइट सुपरवायझर. जवळजवळ दोन वर्षं याच कामावर होता, ३ डिसेंबर १९९९ पासून राजीनामा. त्याच सुमारास त्याने कौन्सिलकडे नोकरी मागितली, नंतर विचारा म्हणाले. जानेवारी २००० मध्ये परत विचारलं, तेव्हा आम्हाला रस नाही असं उत्तर आलं.

आणि नंतर सिस्टीम विचित्र वागायला लागली. पंप चालायला हवेत तेव्हा चालेनात. अलार्म सेंट्रल कॉम्प्युटरपर्यंत येईनात. मध्येच काही स्टेशनांशी संपर्कच तुटायचा. रेडिओवरचं ट्रॅफिक वाढून चॅनल जाम व्हायचं, आणि एकाच फ्रिक्वेन्सीवर सगळे पाळीपाळीने बोलत असताना एकजण भसाभसा बोलत सुटला की बाकीच्यांची पाळी येतच नाही, त्यामुळे ज्यांना कोणी हातही लावलेला नाही अशी स्टेशनंसुद्धा गायब झाल्यासारखी दिसतात.

आता जरा तिथल्या इंजिनिअरच्या जागी बसून बघा. सिस्टीम नवीकोरी आहे. नव्या सिस्टीमला पहिले काही महिने दुखणी असतातच, ॲन्टेनाचा कनेक्टर ढिला, कुठे सेटिंग चुकलेलं, कुठे सॉफ्टवेअरचा बग. मग पहिला संशय कशावर जाणार, अर्थातच इन्स्टॉलेशनवर. त्यांनी सॉफ्टवेअर परत टाकलं, सगळं तपासलं, आणि तरी स्टेशनांची सेटिंग्ज बदलतच राहिली. ही खरी खूण होती, कारण बिघाड झालेलं युनिट बंद पडतं, अडकतं, कचरा पाठवतं, पण व्यवस्थित अर्थ लागेल अशी कॉन्फिगरेशन स्वतःहून बदलत नाही. हे लक्षात यायला वेळ गेला आणि त्याबद्दल मी तरी त्यांना दोष देणार नाही. हल्ला हा हल्ल्यासारखा दिसत नाही, तो मेंटेनन्सच्या तक्रारीसारखा दिसतो, आणि मेंटेनन्सच्या तक्रारी रोजच्याच असतात.

दरम्यान टेक्निशियन मात्र पळत होते. सेंट्रलवरून स्टेशन ऐकत नाही म्हटल्यावर प्रत्यक्ष जाऊन हाताने ठीक करायचं, तोवर दुसरीकडे गडबड.

१४ नंबरची युक्ती

या केसमधला मला सगळ्यात आवडणारा भाग हा, आणि नेमका हाच कोणी सांगत नाही.

हंटर वॉटरटेकच्या एका माणसाला हे काय चाललंय ते शोधायला बसवलं. त्याने पहिली गोष्ट काय केली तर स्टेशनच्या मागे पळणं थांबवून रेडिओ ऐकायला सुरुवात केली. नेटवर्कवरचे सगळे सिग्नल, सगळे मेसेज, सगळं ट्रॅफिक रेकॉर्ड करायचं. त्यातून दिसलं की सिस्टीम बिघडवणारे मेसेज १४ नंबरच्या पंपिंग स्टेशनच्या नावाने येतायत. म्हणजे १४ नंबरचं युनिट खराब, असंच कोणीही म्हणेल. तो प्रत्यक्ष तिथे गेला, तपासलं, तर युनिट ठणठणीत. ते असले मेसेज पाठवतच नव्हतं.

मग दोनच शक्यता उरतात. एकतर आपलं रेकॉर्डिंग चुकतंय, नाहीतर दुसरं कोणीतरी तसलंच पीडीएस युनिट घेऊन १४ नंबर लावून बसलंय. हे ठरवायचं कसं? मेसेजमध्ये बघून ठरणार नाही, कारण खऱ्या १४ चा मेसेज आणि खोट्या १४ चा मेसेज अक्षरशः सारखेच.

त्याने काय केलं, तर खऱ्या स्टेशनचा नंबरच बदलला. १४ चा ३ केला. आता खरं स्टेशन बोललं की ३ म्हणून ओळख देणार, आणि यापुढे जो कोणी १४ म्हणून बोलेल तो शंभर टक्के तोतया, कारण १४ नंबरचं स्टेशन आता जगात अस्तित्वातच नाही. कुठलं महागडं उपकरण नाही, एन्क्रिप्शन नाही, नवीन सॉफ्टवेअर नाही. एक नंबर रिकामा केला आणि तोच सापळा झाला. इतकी साधी आणि इतकी चोख युक्ती मी तरी या क्षेत्रात फार कमी बघितली आहे.

१६ मार्च २००० ला परत गडबड सुरू झाली तेव्हा या माणसाचा नेटवर्कवर त्या खोट्या १४ नंबरशी चक्क संवाद झाला. म्हणजे जे स्टेशन नाहीच ते उत्तर देतंय. त्याने आपल्या प्रोग्रॅममध्ये बदल करून खोटे मेसेज बाहेर ठेवले, थोडा वेळ जमलंही, पण मग त्याचाच कॉम्प्युटर काही काळ नेटवर्कबाहेर फेकला गेला आणि घुसखोर आता १ नंबर लावून बोलायला लागला. इथे दोन गोष्टी कळतात. एक, पलीकडे माणूस आहे, तो बघतोय आणि चाल बदलतोय, मशीनचा बिघाड असं करत नाही. दुसरी, नंबर ब्लॉक करून काही होणार नाही, कारण नंबर बदलायला त्याला काहीच लागत नाही. तुम्ही किती नंबर ब्लॉक कराल? सगळे नंबर तुमच्याच स्टेशनांचे आहेत, ब्लॉक करत गेलात तर शेवटी स्वतःचीच सिस्टीम बंद कराल.

पुढेही प्रकार चालूच राहिले, आणि त्यातल्याच एका वेळी एक पंपिंग स्टेशन भरून वाहिलं.

ईस्टरची रात्र

२३ एप्रिल २०००, रविवार, ईस्टरचा दिवस. संध्याकाळी साडेसातनंतर सुरुवात झाली आणि नऊच्या थोडं आधी थांबलं. या वेळात चार पंपिंग स्टेशनांचे अलार्म बंद केले गेले, आणि यावेळी वापरलेली ओळख होती स्टेशन नंबर ४ ची.

तोपर्यंत बोडेनवर संशय गेलेला होता आणि पाळतही होती. रात्री दहाच्या सुमाराला पोलिसांनी त्याची गाडी थांबवून झडती घेतली. गाडीत पीडीएस कॉम्पॅक्ट ५०० सापडलं, जे हंटर वॉटरटेकचं असल्याचं नंतर सिद्ध झालं, लॅपटॉप सापडला, टू-वे रेडिओ सापडला. ते पीडीएस युनिट स्वतःची ओळख स्टेशन नंबर ४ अशी देईल असं सेट केलेलं होतं, म्हणजे तासाभरापूर्वी जो नंबर वापरला गेला तोच. लॅपटॉपमध्ये कंपनीचं पीडीएस कॉन्फिगर करायचं सॉफ्टवेअर होतं, २९ फेब्रुवारीला परत टाकलेलं, आणि १९ एप्रिलच्या आधी किमान ३१ वेळा चालवलेलं. कोर्टात साक्ष अशी आली की या सॉफ्टवेअरचा त्या सिस्टीममध्ये शिरण्यापलीकडे व्यवहारात दुसरा काही उपयोगच नाही.

बोडेनने आरोप नाकारले. गाडीतलं सगळं सामान माझंच आहे, कॉम्प्युटर मी अभ्यासाला, पत्रव्यवहाराला आणि घरच्या धंद्याला वापरतो असं त्याचं म्हणणं होतं. पण त्याला पकडल्यावर सिस्टीमची दुखणी थांबली, हाही एक मुद्दा त्याच्या विरोधात गेला.

इथे रेडिओचा एक गुण मान्य करायला हवा. इंटरनेटवरून कोणी केलं असतं तर तो जगात कुठेही बसलेला असू शकला असता. रेडिओवरून करायचं म्हणजे रेंजमध्ये यावंच लागतं, सामान बरोबर बाळगावं लागतं, आणि ते सामान पकडलं गेलं की त्यातली सेटिंग्ज साक्ष देतात. ज्या दाराने तो आत शिरला त्याच दाराने सापडला.

नुकसान आणि निकाल

सगळं मिळून सुमारे ८ लाख लिटर कच्चा मैला बाहेर पडला, बागांत, नद्या-ओढ्यांत, एका मोठ्या हॉटेलच्या आवारात. मासे आणि पाण्यातले जीव मेले, खाडीचं पाणी काळं पडलं, आसपासच्या लोकांना वास सहन होईना. ३१ ऑक्टोबर २००१ ला मरूचीडोरच्या डिस्ट्रिक्ट कोर्टाने बोडेनला २ वर्षांची कैद सुनावली आणि सफाईपोटी कौन्सिलला १३,१११ ऑस्ट्रेलियन डॉलर द्यायला लावले. मे २००२ मध्ये क्वीन्सलँडच्या कोर्ट ऑफ अपीलातही कैद कायम राहिली. सगळे प्रयत्न धरून आकडा ४६ वेळा असा सांगितला जातो.

पण ८ लाख लिटरपेक्षा मला दुसरी गोष्ट जास्त खटकते. हंटर वॉटरटेकच्या प्रमुखाने २००२ मध्ये वॉशिंग्टन पोस्टला सांगितलं होतं की बोडेनला पिण्याच्या पाण्याचंही हवं ते करता आलं असतं, कारण सांडपाणी आणि पिण्याचं पाणी दोन्हींची युनिट्स त्याच्या हाताखाली येत होती. त्याने मैल्यालाच हात लावला, ही त्याची मर्जी. सिस्टीमने त्याला कुठे अडवलं असतं असं नाही.

काय करायला हवं होतं, आणि आज काय करता येतं

पहिलं उत्तर सगळे देतात ते एन्क्रिप्शन. अर्धं बरोबर. पंप चालू आहे की बंद हे कोणी ऐकलं तर फारसं बिघडत नाही, ती काही बँकेची माहिती नाही. बिघडतं ते कोणी हुकूम दिला तर. म्हणून गुपित ठेवण्याआधी ओळख पटवणं हवं, प्रत्येक मेसेजबरोबर एक असा शिक्का जो फक्त खऱ्या स्टेशनकडे असलेल्या गुप्त 'की'नेच (डिजिटल किल्लीनेच) बनतो. नुसता नंबर चोरून उपयोग नाही मग. डीएनपी३ मध्ये याची सोय नंतर आली, सिक्युअर ऑथेंटिकेशन म्हणतात, आणि डीएनपी३ चं जे आयईईई १८१५ नावाचं स्टँडर्ड आहे त्यातही ती आहे.

आणि शिक्क्यात प्रत्येक वेळी बदलणारा आकडा किंवा वेळ घातलीच पाहिजे, नाहीतर रीप्ले. म्हणजे मेसेज कळला नाही तरी चालेल, आहे तसा रेकॉर्ड करायचा आणि नंतर परत वाजवायचा. ७ एप्रिल २०१७ च्या रात्री अमेरिकेतल्या डॅलस शहरात वादळाचा इशारा देणारे सगळे १५६ भोंगे एकदम वाजायला लागले होते, तेही रेडिओ सिग्नलनेच. मरूचीनंतर १७ वर्षांनी. त्यानंतर त्यांनी एन्क्रिप्शन बसवलं.

याला ठरलेला विरोध म्हणजे आमचा रेडिओ स्लो आहे, एवढं ओझं झेपणार नाही. हिशोब करून बघू की. शिक्का १६ बाइटचा धरा, १२८ बिट. १२०० बिट प्रति सेकंदाच्या अगदी जुन्या लिंकवर त्याला साधारण एक दशांश सेकंद लागतो. १४२ स्टेशनांना पाळीपाळीने विचारायचं, प्रश्न आणि उत्तर दोन्हीला शिक्का, म्हणजे पूर्ण फेरीमागे ३० सेकंद वाढतात. ९६०० वर तेच चारेक सेकंद. मैल्याच्या विहिरीची पातळी काही सेकंदात उडी मारत नाही, त्यामुळे ३० सेकंद उशिराने कळलं म्हणून आभाळ कोसळत नाही. खरी डोकेदुखी बिट्सची नाही, कीची आहे. १४२ ठिकाणी वेगवेगळ्या की टाकायच्या, सांभाळायच्या, माणूस सोडून गेला की बदलायच्या, आणि हे करणार कोण, तर तोच मेंटेनन्सचा स्टाफ ज्याला आधीच वेळ नाही. म्हणून मग एकच की सगळीकडे टाकली जाते, आणि ती पुन्हा बसवणाऱ्याच्या लॅपटॉपमध्ये असते. म्हणजे फिरून तिथेच.

म्हणून मला रेडिओबाहेरच्या उपायांचं महत्त्व जास्त वाटतं. विहिरीत एक साधा फ्लोट स्विच (पाण्यावर तरंगून पातळी वाढली की चालू होणारा), आरटीयूला बायपास करून थेट पंपाच्या स्टार्टरला तारेने जोडलेला. पाणी धोक्याच्या पातळीला आलं की पंप चालू, सेंट्रलने काहीही म्हणू दे, रेडिओवरून काहीही येऊ दे. रेडिओला पंप बंद करायचा अधिकार असावा पण विहीर भरेपर्यंत बंद ठेवायचा नसावा. तसंच अलार्म. धोक्याच्या पातळीचा अलार्म रेडिओवरून बंदच करता येऊ नये, तिथे जाऊन हाताने करावा लागावा, आणि जमलं तर तो वेगळ्या मार्गाने कळावा, उदाहरणार्थ मोबाइल नेटवर्कवरून. यात सायबर म्हणावं असं काहीच नाही, पन्नास वर्षांपूर्वीचा इलेक्ट्रिशियनसुद्धा करून देईल. कॉन्फिगरेशनचंही तेच. चालू-बंदचा हुकूम रेडिओवरून ठीक आहे, पण अलार्मची मर्यादा किंवा स्टेशनचा नंबर रेडिओवरून बदलू देणं म्हणजे फारच उदारपणा झाला, पॅनेलमध्ये एक किल्लीचा स्विच ठेवा, तो फिरवल्याशिवाय सेटिंग बदलणार नाही. टेक्निशियन कटकट करतील, एका बदलासाठी गाडी काढून जायला लागतं म्हणून. करू देत.

सुट्या युनिट्सचा आणि कॉन्फिगरेशनच्या सॉफ्टवेअरचा हिशोब हे वेगळं काम आहे आणि सहसा कोणाचंच नसतं. स्टोअरमध्ये किती आरटीयू आहेत, कंत्राटदाराकडे किती, कोणाच्या गाडीत किती. काम संपल्यावर कागदावर हँडओव्हर होतं, प्रत्यक्षात अर्धं सामान गाड्यांच्या डिकीत राहतं. ज्या नेटवर्कमध्ये युनिट हातात असणं हीच ओळख आहे तिथे एक हरवलेलं युनिट म्हणजे एक हरवलेली मास्टर किल्ली.

आणि जुने रेडिओ बदलायला पैसे नाहीत, पाचेक वर्षं तरी असेच चालवायचेत, अशी परिस्थिती असेल (बहुतेक ठिकाणी असतेच) तर निदान ऐकायला सुरुवात करा. रिपीटरच्या फ्रिक्वेन्सीवर एक रिसीव्हर कायम लावून ठेवायचा आणि प्रत्येक मेसेजचा नंबर, वेळ आणि सिग्नलची ताकद लिहून ठेवायची. या शेवटच्या आकड्याकडे कोणी बघत नाही, पण त्यात दम आहे. मात्र त्यासाठी रिसीव्हरने स्टेशनचा मूळ सिग्नल ऐकायला हवा, म्हणजे रिपीटरच्या इनपुट बाजूला. पंपिंग स्टेशनचा ॲन्टेना खांबावर पक्का असतो, जागा बदलत नाही, त्यामुळे त्याच्या सिग्नलची ताकद महिनोन्महिने जवळपास एकाच पट्ट्यात राहते, पाऊस-पानं-झाडं यांनी थोडी इकडेतिकडे. गाडीतून १४ म्हणून बोलणाऱ्याला नंबर चोरता येतो, चेकसम बरोबर आणता येतो, पण खऱ्या १४ च्या खांबाएवढाच सिग्नल दर वेळी वेगळ्या ठिकाणाहून जुळवून आणणं त्याला जवळजवळ अशक्य आहे. एकाच नंबरचे दोन वेगवेगळ्या ताकदीचे आवाज लॉगमध्ये दिसले की त्याच दिवशी १४ नंबरवर जाऊन बघायचं, आणि युनिट ठणठणीत निघालं तर त्याचा नंबर बदलायचा.